आधी आकडा, मग रेडिओ

मंडळी, शेततळ्याच्या पाण्याचं तापमान दिवसरात्र नोंदवणारं आणि ते बिनतारी घरापर्यंत पोचवणारं यंत्र कसं बसवायचं, हा आजचा विषय. समोर बरेच जण मासे पाळणारे आहेत, मागच्या रांगांत डिप्लोमाचे विद्यार्थी आहेत. दोघांनाही एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या यंत्रातला बिनतारी भाग सर्वांत शेवटी हातात घ्यायचा. बहुतेकांची घाई मोबाइलवर आलेख दिसण्याची असते. आलेख दिसतोही. पण त्यातला आकडा पाण्याचा आहे की उन्हात तापलेल्या पाइपाचा, हे बघायचं राहून जातं.

मुळात तापमान कशासाठी? ऑक्सिजनसाठी. गोड्या पाण्यात 20 अंशाला लिटरमागे साधारण 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशाला 7.6 च्या आसपास. माशाचं शरीर पाण्याबरोबर तापतं, त्यामुळे पाणी गरम झालं की त्याची ऑक्सिजनची गरज वाढते, आणि नेमका तेव्हाच साठा घटलेला असतो. थंडीत वेगळा प्रश्न. निफाडकडच्या मंडळींना डिसेंबर-जानेवारीतला गारठा सांगायला नको. पाणी गार पडलं की रोहू-कटला खाणं कमी करतात. खाद्य मात्र रोजच्याइतकंच पडत राहिलं, तर उरलेलं तळाशी कुजतं आणि असलेला ऑक्सिजनही खातं. म्हणजे खाद्याचा खर्च आणि माशांचा जीव दोन्ही या आकड्याशी बांधलेले आहेत.

आता नीट लक्ष द्या. शेततळ्याला एकच तापमान नसतं. उन्हाळ्यात दुपारी वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. तळाचं गार, जड पाणी खाली राहतं. वारा नसेल तर दोन्ही मिसळत नाहीत. शेवाळ सूर्यप्रकाशात ऑक्सिजन तयार करतं ते वरच्या थरात. तळाशी मात्र कुजणं चालू असतं आणि तिथला ऑक्सिजन संपत जातो. मग रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसायला लागतं, किंवा वळवाची एखादी गार सर वाऱ्यासह येते, आणि सगळं तळं एकदम ढवळून निघतं. तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेताना दिसतात त्यामागचं हे एक मोठं कारण. तसाही ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही तो वापरतच असतं.

म्हणून एक सेन्सर बसवून भागत नाही. तीन लावा: पृष्ठभागाखाली फूटभर, मध्यावर आणि तळापासून फूटभर वर. आलेखावर तीन रेषा दुपारी फाकतात आणि रात्री जवळ येतात. त्या ज्या क्षणी एकमेकींना भिडतात, तो तळं ढवळल्याचा क्षण. हे डोळ्यांनी दिसत नाही, हात घालून कळत नाही. माझ्या मते या यंत्राचं खरं मोल इथेच आहे.

सेन्सर कोणता? स्टीलच्या नळीत बंद केलेला डीएस18बी20 नावाचा तापमान मोजणारा सेन्सर. तीन तारा: वीज, ग्राउंड आणि डेटा. उणे 10 ते 85 अंशांपर्यंत त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, आणि 12 बिटवर, म्हणजे सर्वांत बारीक मोजणीवर, तो अंशाच्या सोळाव्या भागापर्यंत फरक दाखवतो. या दोन गोष्टींत गल्लत करू नका. पडद्यावर 27.4375 दिसलं म्हणून ते चार दशांशांपर्यंत खरं ठरत नाही. प्रत्येक सेन्सरमध्ये 64 बिटचा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तिन्ही एकाच डेटा तारेवर चालतात. डेटा आणि वीज यांच्यामध्ये 4.7 किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. कुठला क्रमांक कुठल्या खोलीवर आहे ते बसवण्याआधी लिहून ठेवा आणि केबलला रंगीत टेप लावा. नंतर पाण्यात उतरून ओळखता येत नाही.

बाजारात या सेन्सरच्या नकला भरपूर आहेत. काही ठीक चालतात, काही एक-दोन अंशांनी भरकटतात. त्यामुळे बर्फाची परीक्षा प्रत्येकाची घ्यायची. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ भरा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, तिन्ही सेन्सर त्यात बुडवा आणि ढवळत दहा मिनिटं थांबा. शून्य यायला हवं. 0.4 आलं तर तेवढी दुरुस्ती त्या सेन्सरच्या नावावर लिहा. उकळत्या पाण्याच्या नादी लागू नका: पुण्याच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या जवळपासच उकळतं, आणि आपलं काम 15 ते 40 च्या मध्ये आहे. त्यापेक्षा कोमट पाण्यात चांगल्या थर्मामीटरशेजारी ठेवून ताडून बघा.

दोन आकडे ओळखून ठेवा, 85 आणि उणे 127. सेन्सर सुरू झाला पण मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचला, तर तो 85 सांगतो. 12 बिटची मोजणी पाऊण सेकंदापर्यंत वेळ घेते, तेवढं थांबायला हवं. उणे 127 म्हणजे तार तुटली किंवा सांधा सुटला. सेन्सर वाचायला वापरतात ती नेहमीची तयार लायब्ररी (प्रोग्रामचा संच) तसं कळवते. असे आकडे आले तर नोंदीत जागा रिकामी ठेवा. मागचा आकडा पुन्हा भरून रेषा सलग करू नका. रिकामी जागा तुम्हाला सांध्याकडे घेऊन जाते. भरलेली जागा फसवते.

बसवायचं कसं? उन्हाळ्यात शेततळ्याची पातळी उतरते, म्हणून काठावरच्या खांबाला बांधलेला वरचा सेन्सर एक दिवस हवेत लटकतो. वरचे दोन सेन्सर तरंगत्या पांढऱ्या ड्रमला टांगा. तळाचा सेन्सर वजनाच्या दोरीला, वजनापासून फूटभर वर बांधा. पाणी उतरलं की मधला आणि तळाचा जवळ येतात, तेव्हा मधल्याची दोरी आखडून घ्या. वजन म्हणून वाळूची पिशवी वापरा, कारण दगडाच्या धारेने तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटतो आणि ते नुकसान यंत्राच्या किमतीच्या कितीतरी पट असतं. काळा कागद काठाशी उन्हात फार तापतो, तेव्हा ड्रम मध्यावर नांगरा. ड्रमवरच्या यंत्राच्या पेटीला भोकं खालच्या बाजूने पाडा, केबल ग्लँडमधून (पाणी अडवणाऱ्या बुचातून) घ्या, आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जाईल. सांध्यांवर गोंदवाली हीटश्रिंक नळी, म्हणजे तापवली की आवळून बसणारी.

मग नोंद. आकडा आधी तरंगत्या पेटीतच साठला पाहिजे, वेळेसकट. डीएस3231 हे घड्याळ वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकतं, ते लावा. वेळ भारतीय हवी असेल तर जागतिक वेळेत साडेपाच तास, म्हणजे 19800 सेकंद मिळवायचे. दर 15 मिनिटांना नोंद केली तर दिवसाला 96 होतात. मधूनच कुणीतरी विचारलं, दर मिनिटाला का नको? पाणी इतक्या झटपट बदलत नाही, आणि बॅटरी मात्र झटपट संपते. हिशेब करून दाखवतो. ईएसपी32, म्हणजे सेन्सर वाचणारा वायफायवाला छोटा बोर्ड, दर 15 मिनिटांना 5 सेकंद जागा राहून 100 मिलिअँपिअर घेत असेल, तर सरासरी 0.56 मिलिअँपिअर पडते. 2500 मिलिअँपिअर-तासांचा एक सेल या हिशेबाने कागदावर सहा महिने पुरतो. पण तयार बोर्डावरचा लाल दिवा आणि यूएसबीची चिप झोपेतही 10 मिलिअँपिअर खात असतील, तर तोच सेल दहा दिवसांत रिकामा. म्हणून बोर्ड झोपलेला असताना मीटर लावून करंट मोजा. सोलर पॅनेल त्यानंतर निवडा.

आता रेडिओ. घर हाकेच्या अंतरावर असेल तर वायफाय पुरेल. लांब असेल तर लोरा, म्हणजे कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ, घ्या, 865 ते 867 मेगाहर्ट्झचा; हा पट्टा आपल्याकडे ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. अँटेना पाण्यात बुडता कामा नये, पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं. आणि अँटेना जोडल्याशिवाय रेडिओचं मॉड्यूल सुरू करू नका. दोन टोकं एकमेकांना दिसली म्हणजे झालं असं नाही. एक किलोमीटर अंतरावर मधोमध लहरींना साधारण 9 मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, निदान तिच्या निम्म्याहून जास्त तरी. ड्रम उंच करता येत नाही, तेव्हा घरावरची अँटेना जितकी वर नेता येईल तितकी न्या. जूनमध्ये उत्तम चाललेला दुवा ऑक्टोबरात तुटतो, कारण मधल्या रानातला ऊस डोक्यावर गेलेला असतो आणि ओलं पान लहरी शोषतं. दुवा तुटला तरी काही बिघडू नये, अशी सोय आधीच करा: प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या, घरच्या यंत्राकडून पोच घ्या, पोच न आलेल्या नोंदी पुढच्या वेळी पुन्हा पाठवा.

शेवटी धोक्याच्या सूचनेबद्दल, कारण हा प्रश्न दोघांनी चिठ्ठीवर पाठवलाय. पाणी 33 अंशांच्या वर गेलं की मोबाइल वाजावा, असं बरेच जण ठरवतात. तीही लावा, पण त्याहून उपयोगाची दुसरी आहे: दुपारी वरच्या आणि तळाच्या पाण्यात तीन-चार अंशांचा फरक होता आणि रात्री तो अर्ध्या अंशाच्या आत आला, तर वाजावा. ते वाजलं की उठून एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लावा. हे यंत्र ऑक्सिजन मोजत नाही, त्यामुळे काही वेळा तुम्ही उगाच उठाल. पहिले काही आठवडे ऑक्सिजनचं किट घेऊन पहाटे तळ्यावर जा आणि त्या वेळच्या नोंदीशेजारी किटचा आकडा लिहा. फरकाची मर्यादा अर्धा अंश ठेवायची की एक, हे तुमच्या तळ्यापुरतं त्या वहीवरून ठरवता येईल.