फिट आली की घड्याळ बघा अन् मोबाईल काढा

राम राम मंडळी. जेवणं झाली असतील नाहीतर चालू असतील, पण रेडिओचा आवाज जरा मोठा करा, घरातल्या बाया-माणसांनी सगळ्यांनी ऐकायचा विषय आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाच्या खिडकीमागे माझी बावीस वर्षं गेली, सरकारी कागदावर औषधनिर्माण अधिकारी अन् गावात कंपाउंडर भाऊ. त्यामुळे गोळ्या न्यायला कोण येते अन् कोण यायचं बंद होते, हे मला डॉक्टरच्या आधी समजते.

तर मिरगी. कोणी फिट म्हणते, कोणी झटके, पुस्तकात अपस्मार.

मागच्या कार्तिकातली गोष्ट आहे. कापूस वेचाई चालू होती, मी मित्राच्या वावरात गेलो होतो, अन् वेचणाऱ्या बाईचं बारा वर्षांचं पोरगं पऱ्हाटीच्या ओळीतच धाडकन पडलं. मग जे होते तेच झालं, एकानं पायातली चप्पल काढून नाकाला लावली, एकीनं शिदोरीतला कांदा फोडला, एका काकाजीनं पऱ्हाटीची काडी दातात घालायला घेतली, अन् मी ओरडून राहिलो की बाप्पा सोडा त्याला, कुशीवर करा, डोक्याखाली कापसाची झोळी द्या, तोंडात काही घालू नका. काडी मोडून घशात गेली तर काय करता? कांद्यानं फिट थांबत नाही, ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते, अन् नाव कांद्याचं होते!

या गोंधळात एका पोरीनं डोकं चालवलं. पोराची आतेबहीण, कॉलेजला जाते, तिनं मोबाईल काढून शूटिंग केलं. दोन-तीन बाया तिच्यावर खेकसल्या की भाऊ मरून राहिला अन् तू फोटो काढतेस. व्हिडिओ निघाला एक मिनिट चाळीस सेकंदांचा, अन् पुढं सगळं काम त्या व्हिडिओनंच केलं. कारण त्या पोराला आधी एका दवाखान्यात दोन वेळा अशक्तपणा म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं होतं. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी व्हिडिओ तीनदा पाहिला, अन् आईला दाखवलं की बघा, आधी मान डावीकडं वळली, मग डावा हात ताठ झाला, अन् नंतर सगळं अंग हालायला लागलं. म्हणजे सुरुवात मेंदूच्या एका बाजूनं, बहुतेक उजव्या. मग आईला आठवलं की अधूनमधून त्याच्या डाव्या हाताला मुंग्या यायच्या, हातातला गिलास सुटायचा, अन् ती त्याला धांदरट म्हणून रागवायची.

मिरगीचं निदान असंच होते, मंडळी. ज्यानं पाहिलं त्यानं काय सांगितलं, हीच पहिली तपासणी. ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून काढतात ती पट्टी, ती माणसावर पहिल्यांदा जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये काढली. अजूनही कामाची आहे, पण एकदाच काढलेली पट्टी मिरगी असूनही कित्येकांची नॉर्मल येते, म्हणून पट्टी नॉर्मल तर रोग नाही असं समजू नका. 2020 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, त्यात मिरगीच्या जाणकार डॉक्टरांनी नुसता मोबाईलचा व्हिडिओ पाहून शंभरातले जवळपास 89 निदान बरोबर केले. कारण पडणारा प्रत्येक माणूस मिरगीचा नसतो, मे महिन्याच्या उन्हात चक्कर येऊन पडलेलाही दोन-चार झटके देते, अन् मनावरच्या ताणानं येणारे झटकेही असतात, त्यात बऱ्याचदा डोळे घट्ट मिटलेले राहतात. ते नाटक नसते बरं, पण त्याला मिरगीची गोळी चालत नाही, उपाय वेगळा.

आता पोराकडं येऊ. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला एक लहानशी गोल कडी दिसली, फितीकृमी म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा जंत, त्याच्या अळीची गाठ. आई म्हणाली, साहेब, आमच्या घरात माळ आहे, पोरगं अंडंसुद्धा खात नाही, डुकराचा जंत त्याच्या डोक्यात कसा गेला? प्रश्न बरोबर आहे न. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर जंत पोटात होतो, मेंदूत नाही. मग त्या माणसाच्या संडासातून जंताची अंडी बाहेर पडतात, उघड्यावरून पाण्यात, मातीत, सांभारावर म्हणजे कोथिंबिरीवर, मेथीवर, नाहीतर न धुतलेल्या हातावर येतात, अन् ती ज्याच्या पोटात गेली त्याच्या आतड्यात फुटून त्यातली अळी रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. मांस खाल्लं एकानं अन् फिट आली माळकऱ्याच्या पोराला! जिथं हा जंत जास्त आहे तिथं मिरगीच्या शंभरातल्या तीसेक केसेस याच्यामुळं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अन् हे ऐकून दुकानातून जंताची गोळी आणून कोणी घेऊ नका. मेंदूतली गाठ मरताना सूज येते, म्हणून गाठी किती, डोळ्यात आहे का, हे बघूनच डॉक्टर ती गोळी देतात, अन् सोबत सुजेचं औषध.

बाकी कारणं कमी नाहीत. बाळंतपणात बाळ उशिरा रडलं, मोटारसायकलवरून डोक्यावर पडला, लकवा मारला, गडचिरोलीकडं मेंदूचा मलेरिया झाला, आपल्या विदर्भात सिकलसेल आहे त्यात लहान वयातच मेंदूची नस बंद होते, त्याच्यानंही फिट येतात. फवारणीची विषबाधा किंवा रोजची दारू एकदम सोडल्यावर येणारे झटके मात्र वेगळे, त्यांना लगेच मिरगी म्हणत नाहीत, पण दवाखान्यात पळावंच लागते. अन् जवळपास निम्म्या लोकांत कारण सापडतच नाही. काहींत दोष जीनमध्ये, म्हणजे जनुकात असतो. ड्रावे नावाचा लहान बाळांचा आजार आहे, त्यात एससीएन1ए हा जीन बिघडलेला असतो हे 2001 मध्ये कळलं, अन् मोठी गोष्ट ही की फेनिटोइन, कार्बामाझेपिनसारख्या आपल्या रोजच्या गोळ्यांनी त्या बाळांच्या फिट उलट वाढू शकतात. जीनची तपासणी कशाले, असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर.

आता माझ्या खिडकीचा विषय, गोळ्या. फेनोबार्बिटोन 1912 पासून मिरगीला देतात, स्वस्त आहे, अजून चालते. नंतर फेनिटोइन आलं, व्हॅल्प्रोएट आलं, लेव्हेटिरासिटाम आलं. 2000 साली स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी 525 पेशंटचा हिशोब मांडला, त्यातल्या आधी औषध न घेतलेल्यांपैकी पहिल्याच औषधावर 47 टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्यावर आणखी 13 टक्के, त्यापुढं फारच थोड्यांच्या. म्हणून दोन औषधं नीट घेऊनही फिट येत असतील तर वर्षानुवर्षं गोळ्याच बदलत बसू नका, ऑपरेशनचं विचारा. दिल्लीच्या एम्समध्ये अशा 116 पोरांवर अभ्यास झाला, 2017 मध्ये छापून आला, वर्षभरानंतर ऑपरेशनवाल्या 77 टक्के पोरांना एकही फिट नव्हती अन् नुसत्या गोळ्यांवर 7 टक्केच. सगळ्यांचं ऑपरेशन होत नाही, तपासण्या लय असतात, पण डोकं उघडायचं म्हटलं की आपल्याकडं विषयच बंद होतो, ते काही बरोबर नाही.

लेकीसुनांसाठी एक. व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेले तर बाळात व्यंग यायचा धोका शंभरात दहाच्या आसपास, बुद्धीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून लग्नाआधीच डॉक्टरला सांगून गोळी बदलता येते का ते बघा, पण घाबरून मनानं बंद करू नका, त्यातून आईचाच जीव जाऊ शकतो. अन् लपवून लग्न लावलं की गोळ्याही लपवून खाव्या लागतात, म्हणजे चुकतातच. मिरगी आहे म्हणून लग्न रद्द, ही तरतूद हिंदू विवाह कायद्यातून 1999 मध्येच निघाली आहे, गावातल्या शहाण्या लोकांना अजून पत्ता नाही.

ते पोरगं गोळ्यांवर सात-आठ महिने छान होतं. मग आषाढात पेरणीची घाई, एसटीचं भाडं, पोरगं तर चांगलं दिसून राहिलं, आईनं गोळ्या बंद केल्या. बाप रात्री ओलीत करायला जाई, लाईनच रात्रीची, तर पोरगंही त्याच्यासोबत जागे. गोळी नाही अन् झोप नाही. पोळ्याच्या दिवशी बैल धुता धुता नाल्यावर फिट आली, बापानं केस धरून ओढलं म्हणून वाचलं. विहिरीवर, नदीवर, चुलीजवळ अशा पोराला एकटं सोडायचं नाही हे मी सांगितलं होतं, ते आठवलं आईला.

अन् घड्याळ कशाले म्हणता? पाच मिनिटांच्या वर झटके चालले, किंवा शुद्ध न येता दुसरी फिट आली, की 108 ला फोन करा. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळते, डॉक्टरनं लिहून दिला असेल तर तो घरी ठेवायचा.

परवा ती बाई खिडकीवर आली, पिशवीत घडी केलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. फिट आली त्या दिवशी कुंकवाचं बोट लावते, लिहिता येत नाही तिला. पोळ्याच्या चौकोनात लाल ठिपका, त्यानंतरची पानं कोरी. मला म्हणे, भाऊ, आता करू का बंद? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात पुन्हा एमआरआय आहे, गाठ गेली की तिथं चुन्याचा खडा झाला ते डॉक्टर बघतील, खडा असला तर गोळ्या लांबतात, अन् बंद करायच्या तरी हळूहळू करतात. तिनं ऐकलं, तीस दिवसांच्या गोळ्या मोजून घेतल्या, पुन्हा एकदा मोजल्या, अन् म्हणाली, हे कॅलेंडर डॉक्टरला दाखवू न?