वाळूत घडलेला खेळाडू : सेवे बायेस्टेरोस

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, सांतांदेर शहरासमोरच्या खाडीपलीकडे पेद्रेन्या नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबात ९ एप्रिल १९५७ रोजी पुढे गोल्फपटू म्हणून गाजलेले सेवेरियानो बायेस्टेरोस यांचा जन्म झाला. सारे जग त्यांना नुसते ‘सेवे’ म्हणू लागले. गावातच गोल्फ क्लब होता. पण सेवेसारख्या मुलांना तिथे जागा होती ती कॅडी म्हणून, सभासदांच्या पिशव्या वाहण्यापुरती. म्हणून थोरले बंधू मान्वेल यांनी दिलेली तीन नंबरची आयर्न, म्हणजे चेंडू मारायची लोखंडी पात्याची काठी, घेऊन हा मुलगा समुद्रकिनारी खेळत असे आणि चांदण्या रात्री लपूनछपून मैदानात शिरत असे. या काठीलाही ‘क्लब’च म्हणतात; नियमानुसार खेळाडूला असे १४ क्लब बाळगता येतात. सेवेंच्या हाती एकच होता. चेंडू उंच उडवायचा, जमिनीलगत पळवायचा, ओल्या वाळूतून अलगद उचलायचा, हे सारे त्यांनी त्या एकाच क्लबाच्या पात्याचा कोन हाताने बदलत साधले.

१९७६च्या ब्रिटिश ओपनमध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, ते जॅक निकलॉस यांच्या बरोबरीने दुसरे आले. अखेरच्या होलवर (मैदानाच्या शेवटच्या टप्प्यावर) दोन बंकरांमधल्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांमधल्या, चिंचोळ्या वाटेने त्यांनी चेंडू घरंगळत ग्रीनवर, म्हणजे ज्यात चेंडू टाकायचा त्या खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, नेला. तो फटका शिकवून येणारा नव्हता. तीन वर्षांनी लिदॅमला झालेल्या ब्रिटिश ओपनमध्ये, अखेरच्या फेरीत सोळाव्या होलवर त्यांचा चेंडू थेट वाहनतळावर गेला. तिथूनही त्यांनी बर्डी साधली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन होल पूर्ण केला, आणि स्पर्धा जिंकली. काही टीकाकारांनी त्यांना ‘वाहनतळाचा विजेता’ म्हणून हिणवले. हा सरळसरळ अन्याय होता, कारण अडचणीच्या जागेवरून वाट काढणे हेच तर त्यांचे खरे कौशल्य होते.

१९८० साली मास्टर्स ही अमेरिकेतली मानाची स्पर्धा जिंकणारे ते पहिले युरोपीय ठरले. १९८३मध्ये त्यांनी ती स्पर्धा पुन्हा जिंकली, तर ब्रिटिश ओपन १९८४ आणि १९८८ साली. १९८४मध्ये सेंट अँड्र्यूजच्या शेवटच्या ग्रीनवर चेंडू खड्ड्याच्या कडेवर क्षणभर रेंगाळून आत पडला, तेव्हा गडद निळ्या स्वेटरमधल्या सेवेंनी मूठ उगारून केलेला जल्लोष हीच त्यांची ओळख बनली.

मात्र युरोपने त्यांच्यावर जीव लावला तो रायडर करंडकामुळे, म्हणजे युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या सांघिक स्पर्धेमुळे. अमेरिकेपुढे वर्षानुवर्षे हार खाणाऱ्या संघाला आपण जिंकू शकतो हे त्यांनी पटवले. १९८५मध्ये युरोप जिंकला, १९८७मध्ये तर अमेरिकेच्या भूमीवर. स्पेनचेच होसे मारिया ओलाथाबाल यांच्यासोबत जोडीने ते १५ सामने खेळले आणि त्यांपैकी केवळ दोन हरले. १९९७मध्ये मायदेशी, वाल्देरामा येथे, त्यांच्या नेतृत्वाखाली युरोपने करंडक राखला.

२००८मध्ये त्यांच्या मेंदूत गाठ आढळली. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया सोसत असतानाच त्यांनी कर्करोग संशोधनासाठी प्रतिष्ठान उभारले. ७ मे २०११ रोजी, ५४व्या वर्षी, पेद्रेन्यातच त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी शिकागोजवळच्या मदायना येथे रायडर करंडकात युरोप १०-६ असा पिछाडीवर होता. संघनायक होते ओलाथाबाल. अखेरच्या दिवशी खेळाडू सेवेंच्या आवडत्या निळ्या-पांढऱ्या रंगांत उतरले आणि युरोपने तो सामना १४½-१३½ असा जिंकला.