फायनलवर दोन विमानं

(दृश्य : कॅलिफोर्नियातला वॉट्सनव्हिल विमानतळ, आकाशातून. स्वच्छ दुपार.)

18 ऑगस्ट 2022. दुपारचे तीन वाजत आले आहेत. वॉट्सनव्हिलला कंट्रोल टॉवर नाही. इथे प्रत्येक वैमानिक एकाच सामाईक फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत ते सांगतो, आणि बाकीचे ते ऐकून आपापला क्रम लावतात. एक छोटं सेसना 152 सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीजवळच्या ठरलेल्या चौकोनी मार्गावर, फेऱ्या मारतंय, आत एकटा वैमानिक. तेवढ्यात दोन इंजिनांचं सेसना 340 रेडिओवर येतं : दहा मैलांवर आहे, सरळ धावपट्टी 20 वर उतरतोय.

दहा मैल म्हणजे किती वेळ? 90 नॉट वेगाने (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 6 मिनिटं 40 सेकंद. 180 नॉटने त्याच्या निम्मा, 3 मिनिटं 20 सेकंद. त्या दिवशी 340 चा वेग सुमारे 180 नॉट होता, अगदी धावपट्टीपासून मैलभरावर आल्यावरही. उतरणाऱ्या विमानासाठी हा वेग फारच जास्त आहे. पुढे फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, असलेलं 152 जेमतेम 60-70 नॉटने चाललेलं असतं. म्हणजे दोघांमधलं अंतर दर मिनिटाला जवळजवळ दोन मैलांनी कमी होतं. मागून येणारं विमान फार वेगात आहे हे 152 च्या वैमानिकाने ओळखलं आणि गो-अराउंड करत असल्याचं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जात असल्याचं, रेडिओवर सांगितलं. जमिनीपासून सुमारे 150 फुटांवर टक्कर झाली. दोन्ही विमानांतले तिघेही गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण नोंदवलं : सरळ उतरायला येणाऱ्या 340 च्या वैमानिकाने समोरचं विमान पाहून टाळलं नाही.

(दृश्य : कॉकपिटमधून दिसणारं निळं आकाश.)

पण पाहणं म्हणजे नेमकं काय, ते इथे नीट समजून घ्यायला हवं. 152 च्या पंखांचा पसारा सुमारे 10 मीटर. एका सागरी मैलावरून तो पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून थोडा मोठा दिसतो, आणि पंख तर पातळ रेषेसारखे. त्यात धडकेच्या मार्गावर असलेलं विमान काचेवर जागाच बदलत नाही. आपली नजर हलणारी गोष्ट पटकन टिपते. हा ठिपका मात्र जिथल्या तिथे राहतो, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठा होतो. तोच ठिपका काचेच्या चौकटीमागे आला, तर डोकं हलवल्याशिवाय तो सापडणारच नाही.

अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनात या वेळेचा हिशेब दिलेला आहे. वस्तू दिसायला 0.1 सेकंद, विमान म्हणून ओळखायला 1, टक्कर होणार हे उमगायला 5, कुठे वळायचं ते ठरवायला 4, हातपाय हलायला 0.4 आणि विमानाने प्रतिसाद द्यायला 2. एकूण 12.5 सेकंद. 120 नॉटची दोन विमानं समोरासमोर आली, तर मैलभराचं अंतर 15 सेकंदांत संपतं. यातले सर्वांत जास्त सेकंद डोळे खात नाहीत, उमगणं आणि ठरवणं खातं.

(दृश्य : समांतर धावपट्ट्या.)

टॉवर असला म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. 12 मे 2021 ला डेन्व्हरजवळच्या सेंटेनिअल विमानतळावर एक छोटं सिरस एसआर 22 विमान आपल्या धावपट्टीची फायनल ओलांडून शेजारच्या समांतर फायनलवर गेलं आणि तिथे उतरणाऱ्या दोन इंजिनांच्या मेट्रोलायनर विमानाला धडकलं. दुसरं विमान दिसतंय, असं सिरसच्या वैमानिकाने आधी कळवलं होतं. सिरसचा वेग शिफारशीपेक्षा जास्त होता, त्यामुळे वळण रुंदावलं. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : 30 अंशांच्या झुकावात 80 नॉटला सुमारे 300 मीटर, 120 नॉटला 670 मीटरच्या वर. मेट्रोलायनरच्या वैमानिकाला टॉवरकडून सिरसबद्दलची सूचना मिळालीच नव्हती. सिरस विमानाच्या पॅराशूटने खाली आलं, मेट्रोलायनर फाटलेल्या धडासह धावपट्टीवर उतरलं, आणि कुणाला इजासुद्धा झाली नाही.

कॅनडात स्टाइनबाखजवळ 8 जुलै 2025 ला असं नशीब नव्हतं. उतरण्याचा सराव करणाऱ्या दोन शिकाऊ वैमानिकांची सेसना विमानं आदळली आणि दोघेही गेले. त्यांतला एक केरळचा. बारामती, धुळे, गोंदियात शिकणारी आपली मुलंही हाच चौकोन रोज गिरवतात : डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने), बेस (धावपट्टीच्या रेषेकडे आडवं), फायनल.

(दृश्य : सर्किटची आकृती, बेसवर थांबलेली.)

या चौकोनातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे बेसवरून फायनलकडे वळण्याआधीचा क्षण. डावं सर्किट असेल, तर सरळ येणारं विमान उजवीकडून येतं. पंख खाली असलेल्या पायपरसारख्या विमानात डावीकडे झुकताच उजवा पंख वर येतो आणि नेमकी तीच बाजू झाकतो. म्हणून झुकण्याआधी, पंख समतल असतानाच, उजवीकडे लांबवर पाहून घ्यायचं. वळून फायनलवर आलात की ते विमान पाठीमागे, म्हणजे दिसण्याच्या पलीकडे.

आकाशावरून नजर सरसर फिरवून काही हाती लागत नाही. दहा-दहा अंशांचे तुकडे पाडून प्रत्येकावर किमान एक सेकंद थांबावं लागतं. रेडिओवर अंतराबरोबर वेळही सांगावी : "तीन मैलांवर, दोन मिनिटांत धावपट्टीवर." एडीएस-बीचा (विमानं आपलं स्थान आपोआप प्रसारित करतात ती यंत्रणा) पडदा असेल तर त्यावर विसंबू नये. अमेरिकेत विमानांची ही यंत्रणा दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर चालते; एकीचा संदेश दुसरीला जमिनीवरच्या केंद्रातून मिळतो, आणि सर्किटच्या उंचीवर ते केंद्र नेहमी पोहोचतंच असं नाही.

ज्याचा आवाज ऐकला ते विमान दिसत नसेल, तर बेसला वळूच नये. डाउनविंड लांबवावं, तसं रेडिओवर सांगावं, आणि ते विमान खाली उतरून आपल्या पुढे गेलेलं दिसल्यावरच वळावं.