नव्या शहरात केस कापून घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीनिमित्त साताऱ्याहून पुण्यात राहायला आले, तेव्हा गॅस, दूध आणि वर्तमानपत्र यांची सोय पहिल्या आठवड्यातच लागली. केस कोणाकडे कापून घ्यायचे, हा प्रश्न मात्र पुढचे सहा महिने सुटला नाही. साताऱ्यातल्या ज्या ताईंकडे मी बारा वर्षे जात होते, त्यांना माझ्या डोक्यामागचा भोवरा ठाऊक होता, आणि माझे दाट, लाटदार केस ओले असताना लांब दिसले तरी वाळल्यावर दोन बोटे वर चढतात, हेही ठाऊक होते.

पुण्यात पहिली निवड मी दुकानाची सजावट पाहून केली. मुख्य रस्त्यावरच्या त्या वातानुकूलित सलूनमध्ये केस कापण्याचे आठशे रुपये ठरले होते, पण बिल झाले साडेतेवीसशे, कारण केस धुणे, ब्लो ड्राय आणि ‘केस फार कोरडे झाले आहेत’ म्हणून सुचवलेला स्पा यांचे दर मी आधी विचारले नव्हते. वास्तविक ते केस आमच्या इमारतीतील बोअरच्या जड पाण्याने राठ झाले होते. पैशांपेक्षाही मनाला लागले ते हे, की ज्यांनी कात्री चालवली त्यांनी कापण्यापूर्वी माझे केस एकदाही कोरडे असताना पाहिले नाहीत.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की, आपण पैसे मोजावेत ते हाताचे, काचांचे नव्हेत. आणि चांगला हात शोधायचा असेल, तर ज्या बाईंचे केस आपल्यासारखे आहेत आणि नीट कापलेले दिसतात, त्यांनाच विचारावे. मी कार्यालयातील एका सहकारी बाईंना विचारले आणि कर्वेनगरच्या एका गल्लीतील दोन खुर्च्यांच्या पार्लरचा पत्ता मिळाला. पहिल्या खेपेस फक्त टोके कापायला सांगितली. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे इंचभराची चूक दोन-अडीच महिन्यांत भरून निघते. चार इंचांची चूक भरून यायला मात्र आठ-दहा महिने लागतात.

दर विचारताना संकोच करू नये. धुणे, कापणे, वाळवणे या प्रत्येकाचे किती आणि लांब केसांना जादा आकार आहे का, हे खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारावे. सलून आणि पार्लरच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा बिलावरचा आकडा पाहून घ्यावा; जे लहान पार्लर या कराखाली नोंदलेलेच नाही, त्याला हा कर लावता येत नाही. हात आखडता असेल, तर केशकर्तनाचे वर्ग चालवणाऱ्या संस्थेत चौकशी करावी. काही ठिकाणी शिकाऊ मुली शिक्षिकेच्या देखरेखीखाली कमी दरात केस कापतात. वेळ जास्त लागतो, पण काम जपून होते.

काही बाबतींत मात्र मी काटकसर करत नाही. केसांच्या अनेक रंगांत पीपीडी हे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते, म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहण्यास जे पार्लर तयार नसेल, तेथे कितीही स्वस्त असले तरी रंग लावून घेऊ नये. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून उष्णतेने फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू निघतो. बाटलीवरील घटक वाचायला मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पुरुष श्रोत्यांनी दाढी करून घेताना नवे ब्लेड आपल्यासमोर लावले जाते का, हे पाहावे, कारण वापरलेल्या ब्लेडमधून कावीळ ब सारखा आजार पसरू शकतो.

शक्य असल्यास मंगळवार-बुधवारची दुपार निवडावी. रविवारच्या गर्दीत चांगल्या हातालाही घाई करावी लागते. दुपारी मात्र बोलायला वेळ असतो, आणि नव्या माणसाला आपले केस समजावून सांगायचे तर तो वेळ हवाच.

कर्वेनगरच्या त्या ताई अडीचशे रुपये घेतात. कात्री हाती घेण्यापूर्वी त्या केस मोकळे सोडून, कोरडेच, दोन्ही बाजूंनी विंचरून पाहतात. तिसऱ्या खेपेस त्यांनी भोवऱ्याजवळचे केस थोडे लांब ठेवले, तेव्हा मी त्याविषयी काहीच सांगितलेले नव्हते.

नमस्कार.