मतपेटी आणि अर्जाचा रकाना

श्रोतेहो, नमस्कार. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा विषय निघाला की आपण न्यायालये आणि कायदे यांच्याकडे वळतो. मी आज निवडणुकीकडे वळणार आहे, कारण समाजाने एखाद्याला कितपत आपले मानले आहे हे तिथे मतांनी मोजता येते.

न्यूझीलंडमधल्या कार्टरटन या लहान गावाने १९९५ साली जॉर्जिना बायर या पारलिंगी स्त्रीला महापौर केले आणि १९९९ साली तिथल्याच ग्रामीण मतदारसंघाने त्यांना संसदेत पाठवले. आपणही मागे नव्हतो. २००० च्या सुमारास सोहागपूरच्या मतदारांनी शबनम मौसी यांना मध्य प्रदेशच्या विधानसभेत बसवले, आणि त्याच सुमारास त्याच राज्यातील कटनी शहराने कमला जान यांना महापौर म्हणून निवडले. परंतु कटनीची जागा स्त्रियांसाठी राखीव होती. प्रकरण न्यायालयात गेले, कमला जान या पुरुष ठरवल्या गेल्या, निवड रद्द झाली आणि २००३ साली उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. लोकांनी स्वीकारले, कागदाने नाकारले.

आता जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकची हकिकत ऐका, कारण मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२० साल संपत आले होते, ग्रामपंचायतीच्या निवडणुका तोंडावर होत्या, आणि अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला. कारण, तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांच्या जागेवर उभे राहण्याची तरतूद नाही. म्हणजे पुन्हा कटनीच. पण मधल्या काळात, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. त्याच आधारावर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये अर्ज स्वीकारण्यास सांगितले. पुढे सोयीप्रमाणे पुरुष म्हणवून घेणार नाही, अशी हमी तेवढी नोंदवून घेतली. थोड्याच दिवसांत मतदान झाले आणि अंजली पाटील निवडून आल्या. ग्रामपंचायतीइतकी कडक परीक्षा दुसऱ्या कोणत्याही निवडणुकीत होत नाही, असे माझे जुने मत आहे. विधानसभेचा उमेदवार भिंतीवरच्या चित्रावरून ओळखला जातो, पण इथे मतदाराला उमेदवाराचे उंबरठे आणि उधारी दोन्ही ठाऊक असतात. अशा गावाने मत दिले. लक्षात घ्या, कटनीने मत दिले होते आणि भादलीनेही दिले. बदलला तो कागद.

हा कागद देशोदेशी वेगळा आहे. अर्जेंटिनात २०१२ पासून वैद्यकीय दाखल्याशिवाय आणि न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय लिंगाची नोंद बदलता येते. हंगेरीने २०२० साली अशी नोंद बदलण्याची वाटच बंद केली.

आपल्याकडे २०१९ साली संसदेने तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी कायदा केला, तरी डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते. मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर तिसरा पर्याय आला. मग प्रश्न उरला शारीरिक चाचणीचा: धावण्याचे अंतर कोणते, निकष कोणते? ते नियम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत करावेत, असे न्यायालयाने बजावले.