दुपारी चारची आंघोळ

(पुण्यात हिवाळी शिबिराच्या पूर्वतयारीच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बाहेरच्या पायरीवर मी अकरा वाजता दोन बाटल्या ठेवल्या आहेत, आत येताना तुम्ही पाहिल्या असतील. दोन्हींत दोन-दोन लिटर पाणी आहे, एकाच नळाचं. एक बाटली काळी रंगवली आहे, दुसरी तशीच आहे. बोलून झालं की त्या आत आणू.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना मी काही नवं सांगणार नाही. ठिबकची काळी नळी दुपारभर उन्हात पडलेली असते. मोटर चालू केली की तिच्यातून येणारं पहिलं पाणी हाताला चटका देतं. नळी टिकावी म्हणून तिच्या प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते, ती ऊन पिते. शिवाय नळी जेमतेम 16 मिलिमीटर जाडीची, म्हणजे पाणी थोडं आणि उन्हाला तोंड देणारा पृष्ठभाग भरपूर. आपल्याला शिबिरात नुसत्या उन्हावर आंघोळीचं पाणी तापवायचं आहे, आणि त्याची सगळी रीत या नळीत आहे.

आधी हे कशासाठी, ते सांगते. मी मुलींची शिबिरं नेते. तीन दिवस चालून, घामाने आणि मातीने माखलेल्या मुलीला, त्यातून पाळी आलेली असेल तर, आंघोळ ही चैन नसते. पण गडावर आंघोळ करायची कशी? एक वाट म्हणजे टाक्यात उतरायचं. हरिश्चंद्रगडावर, राजगडावर खडकात कोरलेली टाकी आहेत, आणि त्यांतलं पाणी लोक पितात. त्यात साबण लावून उतरलेला माणूस पाहिला की माझ्या पोटात कालवतं. साबण ‘हर्बल’ आहे म्हणून फरक पडत नाही. रिठ्याचा फेससुद्धा माशांना घातक असतो. दुसरी वाट म्हणजे लाकडं पेटवून पाणी तापवायचं. उघड्या चुलीत लाकडातली बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते. माझ्या हिशेबाने एका माणसाच्या दहा लिटर पाण्याला अर्धा किलोहून जास्त लाकूड लागतं. वीस जणींना दहा-बारा किलो, तेही अभयारण्यातलं. मला या दोन्ही वाटा नकोत.

आता हिशेब बघा, सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. डिसेंबरात टाक्याचं पाणी 18 अंश धरू, आंघोळीला 40 पुरे. दहा लिटरसाठी 220 किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या भाषेत साधारण पाव युनिट. स्वच्छ दुपारी उन्हाला समोरासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर तासाला जवळजवळ एक युनिट ऊन पडतं. म्हणजे ऊन कमी नाही. कमी पडतो तो आपला पृष्ठभाग. वीस लिटरचा चौकोनी कॅन काळा केला तरी त्याची उन्हाकडे येणारी बाजू असते चौरस मीटरचा दहावा भाग. निम्मी उष्णता वारा नेतो. मग ते पाणी संध्याकाळपर्यंत कोमटसुद्धा धड होत नाही. अनेक जण इथेच ‘जमत नाही’ म्हणून सोडून देतात.

आजीच्या घरचा तांब्याचा बंब आठवा. त्याच्या पोटातून धुराडं वर जातं, त्यामुळे आगीला पाण्याच्या आतूनही पृष्ठभाग मिळतो. उन्हाला आत शिरता येत नाही, म्हणून आपण पाणीच पातळ पसरायचं किंवा बारीक भांड्यांत वाटून ठेवायचं.

गाडी शिबिराच्या तळापर्यंत जाणार असेल तर मी चार इंची पीव्हीसी पाइप वापरते. दीड मीटर लांबीत साडेबारा लिटरच्या आसपास पाणी मावतं. दोन्ही टोकांना एंड कॅप सोल्युशन लावून चिकटवायच्या, खालच्या कॅपला कॉक, कॉकला झारीचं तोंड. पाइपवर फळ्याला देतात तो काळा रंग द्यायचा. चकचकीत रंग नको, तो ऊन परतवतो. माझा पहिला पाइप मी तोंडोतोंड भरून दोन्हीकडून गच्च बंद केला होता. तापलेलं पाणी फुगलं, दुपारी दीडच्या सुमाराला वरची कॅप फट्‌कन उडाली आणि वीस मुलींसमोर सगळं पाणी मातीत गेलं. तेव्हापासून वरच्या टोकाला बारीक छिद्र ठेवते. त्या छिद्राने हवा आत येते म्हणून खाली धारही नीट पडते. तो पाइप आडवा झोपवू नका. पुण्याच्या अक्षांशावर 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, डोक्यावर नसतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या कातळाला किंवा गाडीला पाइप तिरका टेकवा. त्याची सावली जास्तीत जास्त लांब पडेल अशी दिशा शोधली की काम झालं. अकराला ठेवलात तर तीनपर्यंत आंघोळीचं पाणी होतं.

पाठीवर ओझं घेऊन चढायचं असेल तर पाइप विसरा. शीतपेयाच्या दोन लिटरच्या पाच बाटल्या घ्या, त्याच फळ्याच्या रंगाने रंगवा. रिकाम्या नेल्या तर वजन नावालाच. प्रत्येक बाटलीसाठी दोन बुचं ठेवा, एक साधं आणि एक गरम दाभणाने आठ-दहा भोकं पाडलेलं. उन्हात आडव्या ओळीने मांडा, वरून पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून कडांना दगड ठेवा. तो कागद वारा अडवतो आणि आतली ऊब आत ठेवतो. हे आजचं डोकं नाही. जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात लाकडी पेटीवर काचा बसवून नुसत्या उन्हावर आतलं तापमान उकळत्या पाण्याच्या वर नेलं होतं. 1891 मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने अशाच पेटीत काळ्या टाक्या ठेवून पहिला विक्रीचा सौर बंब काढला.

केम्पच्या बंबाची एक अडचण होती आणि ती आपलीही आहे. दुपारी पाणी गरम, रात्रभरात गार. 1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने पाणी तापवण्याच्या नळ्या वेगळ्या आणि उष्णता धरून ठेवणारी टाकी वेगळी केली, तेव्हा कुठे सकाळी गरम पाणी मिळू लागलं. आपल्या गच्च्यांवरचे सोलर त्याच वंशातले. पण डोंगरावर टाकी कोण नेणार? म्हणून मी मुलींना सांगते, पहाटेच्या आंघोळीचा हट्ट सोडा. गडावर आंघोळ दुपारी चारला. साडेपाचनंतर उघड्या आकाशाखाली बाटल्या झपाट्याने निवतात. उशीरच होणार असेल तर त्या स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून ठेवा, तासाभराची सवलत मिळते.

आंघोळीची जागा टाक्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवी, पाणी परत टाक्यात झिरपायला नको. आडोशाला जुनी साडी न्या. दोन काठ्या आणि एक नऊवारी, एवढ्यात कपडे बदलण्याइतकी खोली होते. आधी एका बाटलीने अंग ओलं करायचं, मग धार बंद करून अंग चोळायचं, उरलेल्या चार अंगावर घ्यायच्या. एवढ्यात केससुद्धा धुऊन होतात, मी कंबरेपर्यंतच्या केसांवर करून पाहिलं आहे. एक काळजी घ्या: एप्रिल-मेमध्ये हेच पाणी भाजेल इतकं तापू शकतं. तान्ह्या बाळाच्या पाण्याला आपण कोपर लावून बघतो, तसंच इथेही बघा. आणि या बाटल्यांतलं पाणी प्यायचं नाही, म्हणून त्यांची गाठोडी वेगळी ठेवा.

सव्वातीन वाजलेत. दारापाशी कोण आहे, जरा त्या दोन्ही बाटल्या आत आणता? हं, काळी आधी पुढच्या रांगेत फिरू द्या. कोपर लावा, तळवा नको. आता दुसरी.