पीएच ठीक आहे म्हणजे डायजेस्टर ठीक आहे का?

आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, डायजेस्टर, म्हणजे हवेविना सांडपाणी कुजवून मिथेन काढायची बंद टाकी, बिघडायला लागला हे सगळ्यात आधी कशावरून कळतं.

मळीच्या डिस्टिलरीचा स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेलं सांडपाणी, तुम्ही बघितलाय. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर निघतो, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात, पीएच चारच्या आसपास आणि डिस्टिलेशन कॉलममधून येतो तेव्हा हात लावता येत नाही इतका गरम. हवा मारून एवढा सीओडी काढायचा म्हटलं तर ब्लोअरची वीज परवडणार नाही आणि स्लजचे ढीग लागतील ते वेगळेच. हवेविना केलं तर गेलेल्या दर किलो सीओडीमागे साधारण ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, तो बॉयलरला जाळता येतो. रंग मात्र जात नाही, तो तपकिरी रंग देणारं मेलॅनॉइडिन तसंच राहतं, त्याचं पुढे वेगळं बघावं लागतं.

आता टाकीच्या आत बघा. ॲसिड बनवणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात आणि मिथेन बनवणाऱ्यांना त्यालाच कितीतरी दिवस लागतात (ते खरं तर जिवाणू नाहीतच, आर्किया आहेत, हे कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये दाखवलं). पहिल्यांनी बनवलेलं ॲसिड दुसऱ्यांनी खायचं, बास, एवढ्यावर सगळा प्लांट चालतो. आणि आपण काय करतो, कॉलम जोरात चाललाय, स्टोरेज भरत आलंय म्हणून फीड वाढवतो. ॲसिडवाले लगेच कामाला लागतात, मिथेनवाल्यांना ते झेपत नाही, ॲसिड साठत जातं.

पण हे पीएचवर दिसत नाही, कारण आतलं बायकार्बोनेट ते ॲसिड गिळत असतं, आणि ते संपलं की मग पीएच एकदम कोसळतो. मी एका प्लांटवर होतो तेव्हाचं लॉगबुक अजून डोळ्यासमोर आहे, ७.२, ७.२, ७.१, सगळे खूश. गॅस कमी होत होता तर मीटर बिघडला असेल म्हणून सोडून दिलं, लॅबमध्ये टायट्रेशनचं सामान संपलं होतं म्हणून चार दिवस व्हीएफए (टाकीत साठलेल्या ॲसिडची टेस्ट) केलंच नाही. पाचव्या दिवशी सकाळी सॅम्पलची बाटली उघडली तर नेहमीच्या सडक्या अंड्याच्या वासाखाली व्हिनेगरसारखा आंबट वास आला. पीएच ६.३. टाकी परत लायनीवर यायला दोन महिने गेले, आणि ते दोन महिने टाळता आले असते ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून व्हीएफए भागिले अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड गिळायची ताकद) बघा. ०.३ च्या आत असेल तर फीड चालू ठेवा, त्याच्या वर सरकायला लागलं की पीएच कितीही छान दिसू दे, फीड निम्मं करा. अजून वाढलं तर बंदच करा आणि नुसतं रिसर्क्युलेशन, म्हणजे टाकीतलंच पाणी फिरवणं, ठेवा. घाबरून चुना ओतू नका, तो कार्बन डायऑक्साइड खेचून घेतो, वरच्या गॅसचा दाब पडतो आणि पाइपात थर बसतो तो वेगळा. बायकार्बोनेट थोडं थोडं द्या.

मघाशी कोणीतरी विचारलं की टेस्ट किती वेळा करायची. रोज एकदा, ठरलेल्या वेळी, आणि फीड वाढवलं त्या आठवड्यात प्रत्येक शिफ्टला, रात्रीच्यासुद्धा.